ताजा बर्फ आणि रोजचा कडक उतार, दोन्हींसाठी एकच स्नोबोर्ड कोणता घ्यावा?

बर्फवेडा पाथर्डीकर

सर्वांना नमस्कार. मी पाथर्डी फाट्याला राहतो आणि अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. अंजनेरी, हरिहर, साल्हेर असे डोंगर करता करता एका मित्राच्या आग्रहाने गुलमर्गला गेलो आणि तेव्हापासून स्नोबोर्डच्या नादी लागलो. पहिल्या हिवाळ्यातले आठ दिवस शिकण्यात गेले, दुसऱ्या खेपेला दहा दिवस मिळाले. आता दोन्ही कडांवर वळता येते आणि कोंगडोरीपासून, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेच्या मधल्या स्थानकापासून, खालपर्यंतचा आखीव उतार न थांबता उतरता येतो. परंतु ताजा बर्फ गुडघाभर पडला की माझी सगळी विद्या तिथेच संपते. बोर्डाचे पुढचे टोक बर्फात घुसते आणि मी तोंडावर आपटतो. टोक वर राहावे म्हणून मागच्या पायावर रेललो, तर अर्ध्या तासात मांडी भरून येते.

दोन्ही वेळा बोर्ड भाड्याचा होता. दुसऱ्या वेळचा तर इतका वापरलेला होता की त्याच्या पोलादी कडेवरून बोट बिनधास्त फिरवता येत होते आणि सकाळच्या कडक बर्फावर तो आडवाच घसरत जात असे. म्हणून यंदा स्वतःचा बोर्ड घ्यायचे ठरवले आहे. माझी उंची १७४ सेंटीमीटर, वजन ७८ किलो आणि पाऊल टाचेपासून अंगठ्यापर्यंत २७.५ सेंटीमीटर आहे. बोर्ड आणि बाइंडिंग (बूट बोर्डाला जखडणारा सांगाडा) मिळून ७०,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. मेहुणे म्युनिकला असतात आणि डिसेंबरात येताना सामान आणतील.

वाचून वाचून तीन नावांवर आलो आहे: बर्टनचा कस्टम, जोन्सचा फ्लॅगशिप आणि लिब टेकचा ऑर्का. तिन्ही एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की बहुधा माझा प्रश्नच मला नीट कळलेला नाही. खास पावडरचा, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फासाठीचा बोर्ड घ्यावा की सगळ्या उतारांना चालणारा? शिवाय बोर्ड उभा धरल्यावर हनुवटी ते नाकाच्या दरम्यान यावा, असे भाड्याच्या दुकानात सांगितले होते. ते खरे मानावे का?

गोंडोलाच्या रांगेत

पाथर्डीकर, बोर्डाचा विचार करण्याआधी तुमच्या दहा दिवसांत बर्फ कोणकोणत्या रूपात पायाखाली येणार आहे, हे आधी पाहू. मी इंदिरानगरची आहे आणि गेले पाच हिवाळे गुलमर्गला जाते आहे, म्हणून तिथल्यापुरते खात्रीने लिहिते.

गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा पहिला टप्पा कोंगडोरीला, सुमारे ३१०० मीटरवर नेतो आणि दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३९०० मीटरच्याही वर. बर्फ येतो तो पश्चिमी विक्षोभांबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांबरोबर, आणि त्यांचे वेळापत्रक आपल्या रजेच्या अर्जाप्रमाणे चालत नाही. २०२४ च्या जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे जमीन उघडी पडलेली होती आणि विमानाची तिकिटे काढून बसलेले लोक छायाचित्रे पाहून हळहळत होते. दोन विक्षोभांच्या मधे कधी आठवडाभर स्वच्छ निळे आकाश असते. पर्यटकांना ते आवडते, आपल्याला नाही.

आता मुख्य गोष्ट. ज्या दिवशी भरपूर बर्फ पडतो, त्या दिवशी दुसरा टप्पा बहुधा बंदच असतो. वारा असतो, आणि गस्तीपथकाने वरचा उतार तपासून मोकळा करेपर्यंत तो उघडत नाहीत. म्हणजे ताजा बर्फ सर्वांत खोल असताना आपण असतो पहिल्या टप्प्याच्या सौम्य उतारावर आणि देवदार-पाइनच्या झाडीत. तिथे उतार कमी असल्यामुळे वेग कमी मिळतो आणि वेग कमी म्हणजे तरंगणे कठीण. तुम्ही तोंडावर आपटता त्याचे निम्मे कारण हे आहे. सगळा दोष तुमच्या मांड्यांना देऊ नका. वरचा टप्पा उघडला की एक दिवस सुखाचा जातो, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सगळीकडे रेघा उमटलेल्या असतात, तिसऱ्या दिवशी उंचवटे तयार होतात आणि चौथ्या सकाळी तेच उंचवटे रात्रीच्या थंडीने दगडासारखे झालेले असतात. माझा अनुभव असा की दहा दिवसांच्या मुक्कामात खऱ्या अर्थाने पावडरचे दिवस तीन मिळतात, फार तर चार.

यावरून माझे मत असे की खास पावडरचा बोर्ड तुमच्यासाठी नाही. मात्र दोन्ही टोके सारखी असलेला, मैदानी कसरतींसाठी बनवलेला बोर्डही नाही. ज्याचे धड कडक बर्फासाठी आणि नाक पावडरसाठी घडवलेले आहे, असा बोर्ड शोधा. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर एकदिश आकार, शेपटीपेक्षा नाक ५ ते १० मिलिमीटरने रुंद, बाइंडिंगची मूळ जागा मध्यापासून सुमारे दोन सेंटीमीटर मागे, नाकाकडे रॉकर (टोक वर उचललेला बाक) आणि पायांखालून शेपटीपर्यंत कॅम्बर (मधे उचललेली कमान). कडकपणा मध्यम ते किंचित जास्त, दहापैकी पाच-सहा. हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने देते, त्यामुळे एकीचा सहा आणि दुसरीचा सहा सारखे समजू नका.

तुमच्या तीन नावांबद्दल सांगते. कस्टमचा कॅम्बर असलेला प्रकार कडक बर्फावर उत्तम चावतो, पण खोल पावडरमध्ये त्याचे नाक वर ठेवण्याचे काम स्वाराला करावे लागते, आणि तुमची तक्रार नेमकी तीच आहे. फ्लॅगशिपची रचना मी वर वर्णन केली तिच्या जवळपास आहे, परंतु तो कडक आहे. वेगाने आणि ठामपणे चालवणाऱ्याला तो साथ देतो, अठरा दिवसांच्या अनुभवाला थकवतो. ऑर्का आखूड आणि रुंद आहे. झाडीतल्या पावडरमध्ये तो मजा देईल यात शंका नाही, पण रुंदीमुळे कडक उतारावर एका कडेवरून दुसरीवर जायला तो वेळ घेतो. तेव्हा फ्लॅगशिपच्या घडणीचा पण त्याहून मऊ असा बोर्ड शोधा; जवळजवळ प्रत्येक कंपनीकडे तसा एक असतो.

हनुवटी-नाकाचा नियम विसरा. बोर्डाला तुमची उंची कळत नाही, वजन कळते. ७८ किलोला नेहमीच्या रुंदीचा बोर्ड १५६ ते १६० सेंटीमीटर योग्य ठरतो. आखूड-रुंद जातीचा घेतलात, तर त्याहून चार-पाच सेंटीमीटर कमी चालतो, कारण लांबीत गेलेले क्षेत्रफळ रुंदीत परत मिळते. प्रत्येक बोर्डाच्या मापाबरोबर वजनाची मर्यादा दिलेली असते, तिच्या मधोमध आपण यावे.

कमानपाटा

वरचे उत्तर चांगले आहे. मी फक्त त्याच्या पोटात शिरतो. माझा स्नोबोर्डवरचा अनुभव चार हिवाळ्यांचाच, आणि तोही मुलाच्या मागे धावत मिळवलेला. पण सातपूरला मालमोटारींच्या कमानपाट्यांच्या कामात तीस वर्षे घालवल्यामुळे वाकणाऱ्या पट्टीबद्दल बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे समजतो.

कॅम्बर म्हणजे दुसरे तिसरे काही नसून कमानपाटाच आहे. बोर्ड सपाट फरशीवर ठेवला तर मधला भाग उचललेला राहतो आणि नाक व शेपटीजवळच्या दोन रेषाच टेकतात. त्यावर उभे राहिले की कमान दबते आणि तुमचे वजन त्या दोन टोकांपर्यंत वाटले जाते. म्हणून संपूर्ण कड कडक बर्फात रुतते आणि वळण संपताना पट्टी तुम्हाला परत उसळवते. रॉकर याच्या उलट, पाळण्याच्या बुडासारखा: मध्ये टेकतो आणि टोके आधीच वर असतात. टोके वर असल्यामुळे तो पावडरमध्ये घुसत नाही, पण त्याच कारणाने कडक बर्फावर कडेची टोकाकडची लांबी हवेत राहते आणि पकड जाते. म्हणून नाकाला रॉकर व पायाखाली कॅम्बर ही तडजोड निघाली. काही कंपन्या, उदाहरणार्थ लिब टेक, पकड वाढवण्यासाठी कडच नागमोडी करतात; पोळी कापायच्या दातेरी चक्राची आठवण होते, आणि काम बरेचसे तसेच चालते.

तरंगण्याचे म्हणाल तर इगतपुरीकडे भाताच्या खाचरात चिखलणी झाल्यावर बैलांमागे जी सपाटीची फळी ओढतात, ती पाहा. तिच्यावर उभा असलेला माणूस पुढे झुकला की फळी चिखलात रुतते आणि जरा मागे सरकला की तिचे तोंड उचलले जाऊन ती सरकत राहते. शेपटी अरुंद आणि नाक रुंद केले की शेपटी आपोआप थोडी बुडते आणि नाक वर येते, म्हणजे माणसाला मागे रेलावे लागत नाही. शेपटी पाकोळीसारखी दुभंगलेली ठेवण्याची युक्तीही याच हिशेबाची. युटाच्या दिमित्रिये मिलोविचने १९७० च्या दशकात विंटरस्टिक बोर्डांवर ती लाटांवरच्या फळीवरून आणली, म्हणजे पावडरचा विचार कडक उताराच्या विचाराइतकाच जुना आहे.

आता ज्या मापाकडे लोक हटकून दुर्लक्ष करतात ते, म्हणजे रुंदी. बूट बोर्डाच्या बाहेर फार आला तर तीव्र वळणात बोटे किंवा टाच बर्फाला घासते, कड सुटते आणि माणूस पडतो. बोर्ड गरजेपेक्षा रुंद असला तर घोट्याला तो कडेवर उभा करणे जड जाते. पावलाच्या मापावर जाऊ नका, बुटाच्या तळाची बाहेरून लांबी मोजा. समजा ती ३० सेंटीमीटर निघाली आणि बोर्डाची कंबर, म्हणजे मधली सर्वांत कमी रुंदी, २५.५ आहे. बाइंडिंगच्या जागी बोर्ड कंबरेपेक्षा सुमारे एक सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे २६.५. बाइंडिंग १५ अंशात वळवले की ३० सेंटीमीटरचा बूट आडव्या दिशेने सुमारे २९ सेंटीमीटरच जागा घेतो. वजा केले तर अडीच सेंटीमीटर उरतात, दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा. इतके बाहेर असणे चांगलेच. दोन सेंटीमीटरच्या पुढे गेले तर रुंद बोर्ड पाहावा. बाइंडिंगचा कोन कमी केला की हा हिशेब बिघडतो, हेही ध्यानात ठेवावे.

तळाबद्दल एकच वाक्य: दाबून बनवलेला, म्हणजे सिंटर्ड तळ मेण पितो आणि वेगवान असतो, पण मेण न लावल्यास त्याचा उपयोग नाही, सौम्य उतारावर पावडरमध्ये अडकायचे नसेल तर तोच घ्या आणि मेण लावायला शिका.

जुनी पायताणे

मी थोडे विरुद्ध लिहितो, राग नसावा. वर्षातून दहा दिवस जाणाऱ्या माणसाने बोर्ड विकत घेण्याची घाई का करावी, हे मला समजत नाही. आधी बूट घ्या. भाड्याच्या बुटांचे अस्तर शेकडो पायांनी दबलेले असते, त्यात टाच उचलली जाते, आणि टाच उचलली गेली की तुम्ही घोट्याने दिलेला इशारा बोर्डापर्यंत पोहोचतच नाही. मग बोर्ड कोणताही असो. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकेच टेकावीत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकावीत, आणि पुढे झुकल्यावर टाच जागेवरून हलू नये. बूट पहिल्या काही दिवसांत सैल होतात, म्हणून दुकानात ऐसपैस वाटणारा बूट परत ठेवावा. जाड मोजे दोन घालण्याची नाशिकची सवय इथे उपयोगाची नाही. निफाडचा गारठा सोसलेल्यांनाही हे सांगावे लागते. मोजा एकच आणि पातळ घालावा.

बोर्ड गुलमर्गलाच बरा पाहून, कडा तपासून भाड्याने घ्यावा. दोन-तीन प्रकारचे चालवून पाहिले की कोणता आवडतो हे आपले आपल्याला कळते.

गोंडोलाच्या रांगेत

बुटांबद्दलचे प्रत्येक अक्षर मान्य. पाथर्डीकर, ७०,००० मधून आधी बूट काढा, मग बाइंडिंग, उरलेल्यात बोर्ड. गेल्या हंगामाचा बोर्ड पुष्कळ स्वस्त मिळतो आणि बर्फाला हंगाम कळत नाही. बाइंडिंग मध्यम कडकपणाचे घ्या आणि ते बुटाला बसते का हे एकत्र ठेवूनच तपासा.

भाड्याच्या बोर्डाबद्दल मात्र मी सहमत नाही. नवशिक्यांसाठी ठेवलेले बोर्ड मऊ आणि दोन्ही टोकांना सारखे असतात. त्यातले चार चालवून एकदिश बोर्ड कसा वाटतो हे समजत नाही. ज्यांना दर वर्षी जायचेच आहे, त्यांनी घ्यावा.

बर्फवेडा पाथर्डीकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काका, खाचरातल्या फळीचे उदाहरण वाचून माझ्या आजोळची आठवण झाली आणि सहा महिने वाचून न कळलेली गोष्ट एका परिच्छेदात कळली.

आणखी तीन शंका आहेत. बाइंडिंग कुठे आणि किती अंशांत बसवावे? ओझरहून दिल्ली आणि तिथून श्रीनगर असा विमानाने जाण्याचा विचार आहे, तर सामानाचे काय करावे? आणि ताई, असा बोर्ड मिळाल्यावर मी यंदा दुसऱ्या टप्प्याने वर जावे का?

गोंडोलाच्या रांगेत

बाइंडिंग पहिल्या दिवशी कंपनीने खूण केलेल्या जागीच बसवा. पुढचे १८ अंश बाहेर आणि मागचे उलट दिशेने ६ अंश, येथून सुरुवात करा. पावडरच्या दिवशी दोन्ही बाइंडिंग एकेक भोक मागे घ्या. हल्लीच्या बहुतेक बोर्डांवर भोकांतले अंतर दोन सेंटीमीटर असते, बर्टनच्या बोर्डावर भोकांऐवजी खाच असते, तिच्यात सरकवावे लागते. एवढे केल्यावर कमरेतून मागे रेलण्याची गरज उरत नाही. गुडघे वाकवून दोन्ही पायांवर उभे राहा, वेग सोडू नका आणि वळण कडेवर झटक्याने न घेता दोन्ही पाय दाबून, हळूहळू घ्या. खिशात पेचकस ठेवा, संध्याकाळी पेच पुन्हा आवळा.

बोर्ड सुमारे तीन किलो, बाइंडिंग दोन, बूट दोन-अडीच. सगळे मिळून आठ किलोच्या आत बसते, पण पिशवी १६५ सेंटीमीटरच्या आसपास लांब होते. लांब सामानाचे नियम प्रत्येक विमान कंपनीचे वेगळे असल्यामुळे तिकीट काढतानाच नोंद करा. बूट मात्र हातातल्या सामानात ठेवा. बोर्ड हरवला तर भाड्याने मिळेल, पायाला बसलेला बूट मिळणार नाही. गुलमर्गच्या खालच्या टंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते, तिच्या टपावर बोर्ड नीट बांधून घ्या.

तिसऱ्या प्रश्नाला मला जरा लांब उत्तर द्यावे लागेल. दुसऱ्या टप्प्यावरून गस्तीपथकाने मोकळा केलेला उतार उघडा असेल आणि तुम्ही कडक बर्फावर थांबू-वळू शकत असाल, तर प्रशिक्षकाबरोबर जावे. त्या हद्दीच्या बाहेर डाव्या-उजव्या अंगाला जे अस्पर्श उतार दिसतात, तिथे मात्र जाऊ नये, आणि नवा बोर्ड नेमका तिकडेच ओढतो. भुसभुशीत बर्फाचे थर एकदम तुटून घसरण्याचे प्रकार बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडतात, आणि पावडरसाठी आपल्याला आवडणारा उतारही तोच. २०२४ च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या वरच्या भागात अशाच हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. बाहेर जायचेच असेल तर स्थानिक वाटाड्या, प्रत्येकाजवळ गाडले गेल्यास जागा कळवणारे संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे, आणि ती वापरण्याचा सराव, यांतले एकही वगळता येत नाही. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला नाही तर आशा झपाट्याने मावळते, तेव्हा वाचवणारे असतात ते सोबतचेच, खालून येणारे पथक नव्हे. झाडीतही एक धोका आहे: मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती फांद्यांच्या आडोशाने बर्फ पोकळ राहतो, त्या खड्ड्यात डोक्यावर पडलेला माणूस एकट्याने बाहेर येऊ शकत नाही. म्हणून झाडीत जोडीदार नजरेआड होऊ देऊ नये.

कमानपाटा

विचारले नाहीत तरी साठवणीचे सांगून ठेवतो, कारण नाशिकच्या पावसाळ्यात मुलाच्या बोर्डाच्या कडा एका वर्षात तांबूस झाल्या होत्या. परत आल्यावर बाइंडिंग काढा, तळावर मेणाचा जाड थर द्या आणि तो न खरवडता तसाच डिसेंबरापर्यंत राहू द्या. कडांवरही मेण ओढा. वाफेची भोके नसलेली जुनी इस्त्री यासाठी पुरते, फक्त ती एका जागी थांबवू नका आणि मेणातून धूर निघाला तर आच कमी करा. घरच्यांच्या कपड्यांची इस्त्री पुन्हा कपड्यांना वापरायची असेल तर हा प्रयोग करू नये, एवढे स्वानुभवाने सांगतो. बोर्ड पोटमाळ्यावर टाकू नका. एप्रिल-मेमध्ये स्लॅबखाली जी भट्टी पेटते, ती थरांमधल्या चिकटाला सोसत नाही. कपाटाच्या मागे आडवा ठेवा.

बर्फवेडा पाथर्डीकर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. मेहुण्यांनी पाठवलेले बूट एका परिचितांबरोबर आले; घरात दोन तास घालून बसलो, टाच हलत नाही. तळाची बाहेरून लांबी २९.८ सेंटीमीटर भरली. एकदिश, नाकाला रॉकर, पायाखाली कॅम्बर, कंपनीच्या मापाने कडकपणा सहा, अशा गेल्या हंगामाच्या एका बोर्डात दोन मापे शिल्लक आहेत: १५७ लांबी व २५.६ कंबर, आणि १६१ लांबी व २६.० कंबर. वजनाची मर्यादा पहिल्याची ६५ ते ९० किलो, दुसऱ्याची ७५ ते १०० आहे.

कमानपाटा

१५७ घ्या. त्याच्या मर्यादेच्या मधोमध तुम्ही येता, आणि १५ अंशांत बूट प्रत्येक बाजूला सव्वा सेंटीमीटरहून थोडा कमीच बाहेर येईल. मागचे बाइंडिंग ६ अंशांवर ठेवलेत तरी दीड सेंटीमीटरच्या आतबाहेर राहील.

गोंडोलाच्या रांगेत

१५७ ला माझेही मत. १६१ झाडीत वळवताना दमवेल. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिथे आहे, कोंगडोरीला भेटू.